मामांची वाघर

माझ्या मामांइतका अस्वस्थ माणूस अख्ख्या शिरूर तालुक्यात सापडायचा नाही. एसटीत जागा मिळाली तरी ते उभे राहतात, जेवताना दोनदा उठून गोठ्यात डोकावून येतात. मेंढरं विकून न्हावऱ्याला ऊस लावला त्याला जमाना झाला, पण पाय अजून वाटेवरच. "जमीन बसलीय की एका जागी, मी कशाला बसू?" म्हणतात.

मामींना संधिवात झाला तेव्हा दौंडच्या डॉक्टरांनी समजावलं, की रक्तातल्या काही पांढऱ्या पेशी जंतू दिसला की स्वतःच्या पोटातला डीएनए उसवून त्याचं जाळं फेकतात. जंतू अडकतो, पेशीही बहुतेकदा मरते. मामींच्या अंगात मात्र जंतू नसतानाच जाळी पडतात, सांधे सुजतात. गोळ्यांनी हा पहारा जरा ढिला होतो. मामा खुर्चीतून उठलेच. "म्हंजी वाघरच की!" वाघर म्हणजे लांडग्याच्या भीतीनं रानात मेंढरांभोवती उभं करायचं दोरीचं जाळं. मग खुटबावच्या पाहुण्यांपासून एसटीच्या कंडक्टरपर्यंत सगळ्यांना त्यांनी हे ऐकवलं. कंडक्टर म्हणाला, "मामा, आधी तिकीट काढा. डीएनएला सवलत न्हाई."

एवढं होऊनही मामींनी बाजारातून प्रतिकारशक्ती वाढवणारा काढा आणला आणि गोळ्या बंद केल्या. "डाक्टर ताकद कमी करतोय, ह्यो वाढवतोय." महिन्याभरात हातातून तांब्या सुटायला लागला. मी चळवळीच्या पत्रकांवर वाढलेला माणूस. काढेवाल्याविरुद्ध जळजळीत पत्रक लिहून बाजारभर वाटलं. मामींनी त्यावर भजी निथळत ठेवली.

मामांनी माळ्यावरची वाघर काढून भर दुपारी अंगणात पसरली. मामींचं लाडकं करडू तिच्यात गुरफटलं. जितके झटके देई तितकी वाघर आवळे. मामी धावल्या. गाठी त्यांनीच कधीकाळी मारलेल्या, पण आता बोटांना सुटेनात.

"अहो, बघताय काय? सोडवा की!"

"लांडगा कुठं हाय हितं?"

"न्हाईच! मग वाघर कशाला टाकली येड्यावानी?"

"तुझ्या अंगात तेच चाललंय. आन् तू काढा पिऊन म्हणतीस, अजून टाक."

मामांनी विळ्यानं दोर कापून करडू मोकळं केलं. मामींनी न सुटलेली एक गाठ पुन्हा चिमटून पाहिली. मग म्हणाल्या, "गोळ्या कुठं ठिवल्यात?"

वाकलेली बोटं आता सरळ होणार नाहीत, बाकीची सांभाळू, असं डॉक्टर म्हणाले. परवा गेलो तर मामा ओट्यावर बसून कापलेली वाघर सांधत होते. घरात मेंढरू एक नाही. मामी शेजारी बसून सांगत होत्या, "तशी न्हाई, खालून घ्या. उसवा परत." मामा उसवत होते. तासभर झाला, चहा गार झाला, तरी ते जागचे उठले नाहीत.