दोरीवरची चित्रं

मार्केट यार्डामागच्या एका बालवाडीत मी चित्रकला शिकवते. म्हणजे कागद वाटते, सांडलेलं पाणी पुसते आणि मुलं काय बोलतात ते ऐकते. हे ऐकलेलं आता इतकं साठलंय, की जेवायला बसलं की नवराच विचारतो, "आज कोण काय म्हणालं?"

*

परवा ईशानच्या आजोबांनी मला गेटवरच गाठलं. निवृत्त शिक्षक. चूक दिसली की थांबणारच.

"अहो बाई, कावळा हिरवा असतो का? आपण दुरुस्त का नाही केलं?"

मी ईशानकडे पाहिलं. तो शांतपणे म्हणाला, "आजोबा, तो अजून कच्चा आहे."

आजोबा चित्र घडी न घालता घेऊन गेले.

*

एकदा 'माझं घर' हा प्रोजेक्ट घरून करून आणायला सांगितला होता. अन्वीनं पुठ्ठ्याचा बंगला आणला. उघडणारी दारं, गच्चीवर लाइट. मी विचारलं, "यात तू काय काय केलंस गं?"

"मी लांब बसले होते. मम्मी म्हणाली, हात लावलास तर बघ!"

तेव्हापासून घरचे प्रोजेक्ट आम्ही बंदच केले.

*

स्वराचे पप्पा यार्डात हमाल. पाडव्याच्या सुमारास पोत्यांची थप्पी पाठीवर कोसळली, तेव्हापासून ते अंथरुणावर आहेत. डॉक्टर नक्की काही सांगत नाहीत.

"पोरगी रोज विचारते, पप्पा कधी उठणार? काय सांगू ताई तिला?" न्यायला आलेली तिची आई मला विचारते.

स्वरा रोज पप्पांनाच काढते. कागद आडवा धरायचा, एका टोकाला डोकं, दुसऱ्या टोकाला पाय. बाकी काही नाही. शेजारचा ईशान एकदा म्हणाला, "झोपलेत तर पांघरूण काढ की."

"त्यांना उकडतं," स्वरा म्हणाली.

*

गेल्या शनिवारी पालकांसाठी प्रदर्शन होतं. चित्रं दोरीला चिमट्यांनी लावायचं काम कुंदाताईंचं. त्या आमच्या मोठ्या बाई, आणि त्यांचा दंडक एकच: सगळे कागद उभे लागले पाहिजेत, म्हणजे रांग नीट दिसते. वर्गात कोण काय काढतं हे त्यांना कुठून ठाऊक असणार? त्यांनी स्वराचाही कागद उभा लावला. पप्पा सरळ दोन पायांवर उभे.

स्वराची आई आली, चित्रापाशी थांबली आणि तिनं पदर तोंडाला लावला. मी घाईघाईनं स्टुलावर चढले आणि कागद आडवा करायला चिमट्याला हात घातला.

खालून स्वरानं माझी ओढणी धरली.

"नको ना ताई," ती म्हणाली. "परत पडतील ते."