बिबडे वाळेपर्यंत

जिजींची आणि आमची ओळख भांडणातूनच झाली. सुरतेत उधन्याच्या चाळीत राहायला आलो त्या उन्हाळ्यात आईने गच्चीवर ज्वारीचे बिबडे, म्हणजे आमचे खानदेशी पातळ पापड, वाळत घातले, तर शेजारच्या खोलीतल्या जिजी कमरेवर हात ठेवून उभ्या. "ह्या बिबडा शेतस का गोधड्या?"

जिजींचं माहेर शिरपूरकडचं, आईचं अमळनेर. आई काय ऐकून घेते? तिनेही अहिराणीतच सुनावलं, "शिरपूरमा कोनी बिबडा दखेल शेतस का?" झालं. बिबडे वाळेपर्यंत दोघींची जुंपली, आणि संध्याकाळी जिजी आमच्याकडेच चहाला बसल्या.

पुढे दर उन्हाळ्यात हाच प्रकार. गच्ची अर्धी-अर्धी वाटलेली, मधे खूण म्हणून एक वीट. जिजी ती वीट रोज बोटभर आमच्या बाजूला सरकवायच्या. मला त्यांचा फार राग यायचा. एवढ्याशा जागेसाठी काय हा हावरटपणा!

जागा त्यांना नकोच होती. मुलगा दिवसभर कापडाच्या लूमवर. सून सुरतेतच वाढलेली, हिंदी बोलणारी. नातू गुजराती शाळेत. जिजी काही म्हणाल्या की तो हसून विचारायचा, "बा, शुं बोलो छो?" जिजी आईजवळ येऊन म्हणत, "मनाच घरमा मी पाव्हनी शे." बाजारात त्यांचं काही अडत नसे. "गुजरातीमा भाजी लेता येस," त्या म्हणायच्या, "भांडता नही."

आम्ही सुरतेबाहेर कडोदऱ्याला फ्लॅट घेतला. सामान टेम्पोत चढलं तेव्हा जिजी दारातून ओरडल्या, "जाय, जाय! आते आख्खी गच्ची मनी!" आणि आत गेल्या त्या बाहेर आल्याच नाहीत. उन्हाळा लागला तशा शेअर रिक्षा बदलत, पिठाचा डबा घेऊन आमच्या नव्या गच्चीवर हजर. इकडेतिकडे बघून आईला विचारलं, "वीट कोठे शे?" आईने खाली बांधकामावरून एक आणली. नंतर त्या दर उन्हाळ्यात येत राहिल्या.

या हिवाळ्यात जिजी गेल्या. मुलाने फोनवर कळवलं, तेही हिंदीत. आई रडली नाही. नुसती म्हणाली, "आते मनासंगे कोन भांडी?"

परवा तिने बिबडे केले. सबंध गच्ची मोकळी होती, तरी तिने लुगडं विटेपर्यंतच अंथरलं. पलीकडची अर्धी गच्ची उन्हात तशीच रिकामी. मला ते बघवेना. अहिराणी मला कळते, पण बोलायची सवय कधीच गेली आहे. तरी कमरेवर हात ठेवले आणि म्हटलं, "ह्या बिबडा शेतस का गोधड्या?"

आईने चमकून वर पाहिलं. डोळे भरले होते, पण आवाज अगदी जुना, खणखणीत लागला. "जिजीले तरी पातया कोठे जमेत?"

मग वाकून तिने ती वीट बोटभर जिजींच्या बाजूला सरकवली.