तव्यावर भाजलेली माती

माझा मुलगा हफ्र अल बातिनमध्ये माती तपासतो. त्याला त्याचाच पगार मिळतो. गावात कोणी विचारलं तर मी "सौदीत इंजिनीअर आहे" एवढंच सांगते. माती बघायला माणूस विमानाने जातो, हे आमच्या वाडीत कोणाला पटणार नाही.

व्हिजिट व्हिसावर मी त्याच्याकडे तीन महिने राहिले. मी गेले तेव्हा त्याच्या इकाम्याची मुदत संपत आली होती. इकामा म्हणजे तिथे राहायचं कार्ड. ते पुढे वाढलं तर सून आणि नात यायच्या होत्या, नाही वाढलं तर हाच घरी यायचा होता. आणि ते वाढवायचं की नाही, हे त्याच्या साहेबाच्या शब्दावर होतं. साहेब हैदराबादचे. माणूस वाईट नव्हता. फक्त घाईत असायचा, आणि घाई कसली हे त्यालाही माहीत नसायचं.

काम असं होतं. शहराबाहेर मैलच्या मैल चराऊ रान आहे. रान म्हणायचं म्हणून म्हणायचं. वीतभर उंचीची करडी झुडपं, एकापासून दुसरं इतकं लांब की त्यांचं भांडण झालं असावं. उंट आणि मेंढ्या तेच खातात. तिथे अर्धचंद्रासारखे खड्डे खणून पावसाचं पाणी अडवायचं, झुडपं लावायची, असं वरच्या कचेरीत ठरलं होतं. आधी ठरलं, मग माती कशी आहे ते बघायला माझ्या मुलाला पाठवलं. लग्न लावून झाल्यावर मुलगी दाखवायची, त्यातला प्रकार.

एकदा मला तो बरोबर घेऊन गेला. "आई, घरात बसून कंटाळशील," म्हणाला. तिथे छातीएवढा खड्डा मशीनने आधीच खणून ठेवला होता. मुलगा त्यात उतरला, भिंतीला टेप लावला आणि थरांची नावं लिहू लागला. वर पापडीसारखा पातळ कडक पापुद्रा, पाय दिला की कुरकुर मोडायचा. त्याखाली फिकट तपकिरी, रेताड, बारीक खडे असलेली माती. कुजलेलं पान नाही, मुळं म्हणावीत तर केसाएवढी. आणि कमरेच्या खाली पांढरा थर, ओलसर, पीठ सांडल्यासारखा. मुलाकडे रंगांचं पुस्तक होतं. साडीला मॅचिंग ब्लाउजपीस शोधावं तसा तो मातीचं ढेकूळ एकेका रंगाशेजारी धरून बघत होता. याचसाठी मी त्याला कॉलेजात घातला होता.

"एवढं करून शेवटी काय?" मी विचारलं.

"शेवटी तिला नाव द्यायचं. जगात कुठेही वाचलं तरी माणसाला कळलं पाहिजे, ही कुठली माती."

"आमच्याकडे नावं आहेत की. मळा, खाजण, वरकस, कातळ. आणि काहीच पिकत नसेल तर तलाठी सातबाऱ्यावर पोटखराबा लिहितो आणि चहा पिऊन जातो. हे सगळं पोटखराबा लिही, दुपारी घरी जाऊ."

तो हसला. मग बाटलीतून ॲसिडचे थेंब थरांवर टाकू लागला. फसफसलं की मातीत चुना आहे असं समजायचं. वरचे थर चांगले फसफसले. पांढऱ्या थराशी येईपर्यंत बाटली रिकामी झाली. साहेब वर गाडीत एसी लावून बसले होते. मुलाने खालून सांगितलं तर काच चार बोटं खाली आली.

"सफेद है ना?"

"हाँ सर, लेकिन टेस्ट..."

"सफेद है तो चूनाच है. पुरानी रिपोर्ट में भी चूना है. लिखो और चलो, खाना ठंडा हो रहा."

मुलाने लिहिलं. प्रत्येक थराची माती वेगळ्या पिशवीत भरली आणि आम्ही निघालो.

त्या आठवड्यात पाऊस लागला. वाळवंटात पाऊस येतो तो नेमका वाळवण घातलेलं असताना. कचेरीतल्या माती सुकवायच्या खोलीचं छप्पर गळायला लागलं, म्हणून मुलगा सगळ्या पिशव्या घरी घेऊन आला. वर्तमानपत्रं अंथरून त्याने माती पसरली ती माझ्याच खोलीत. आठ दिवस मी मातीशेजारी झोपले. माझ्या वयात तसाही सराव हवाच. गुरुवारी साहेबांना खड्ड्याचा रिपोर्ट द्यायचा होता आणि पिशव्या लॅबला. बुधवारी सकाळी मुलगा हाताने माती चाचपून म्हणाला, "खालची अजून सुकली नाही. ही सुकली की लॅबला जाईल आणि सुटलो."

तो कामावर गेला. मी विचार केला, सुकायचंच आहे ना. तवा ठेवला आणि ती पांढरी माती रव्यासारखी भाजली. मंद आचेवर, सतत हलवत. चांगली हलकी, कोरडी झाली. पुन्हा पिशवीत भरली, चिठ्ठी होती तशीच बांधली. मूठभर ओट्यावर सांडली होती. सिंकच्या पाइपाशेजारी एक भोक होतं, त्यातून झुरळं ये-जा करायची. सांडलेली माती पाण्यात कालवून मी ते भोक बुजवलं. टाकायचं कशाला?

दुपारी भांडी घासताना तिथे हात लागला. दगड झाला होता. सुरीच्या टोकाने खरवडलं तर सुरीच वाकली.

आता, मी शिकले चौथीपर्यंत. चौथीनंतर शाळा सुटली आणि मी खाडीकाठच्या चुन्याच्या भट्टीवर शिंपल्यांच्या टोपल्या वाहू लागले. चुना कसा वागतो, हे मला साहेबापेक्षा जास्त माहीत आहे. शिंपले रात्रंदिवस भट्टीत जळतात, मग त्यांवर पाणी मारलं की ते उकळतात आणि भुसभुशीत पीठ होतं. तव्याच्या आचेला चुना दादच देत नाही, होता तसाच राहतो. तव्यावर भाजून, पाणी घातल्यावर दगड होणारी पांढरी वस्तू मी एकच पाहिली आहे. गणपतीच्या कारखान्यात गोणीतून येते ती. पीओपी.

मुलगा संध्याकाळी आला. पिशवी उघडून त्याने नाकाशी धरली.

"आई, या मातीला काय झालं?"

"भाजली."

"भाजली म्हणजे?"

"रव्यासारखी. करपू दिली नाही."

तो खाली बसला. नमुना तापवायचा नसतो, पंख्याखाली सुकवायचा असतो, हे तो हळूहळू, रागावलेला माणूस बोलतो तसं बोलला. मी म्हटलं, आठ दिवसांत हे एकदा सांगितलं असतंस तर माझा गॅस वाचला असता. मग त्याला सिंकपाशी नेऊन ते भोक दाखवलं. त्याने बोटाने टकटक केलं. फ्रिजमधून व्हिनेगर काढून त्यावर ओतलं. एखाददुसरा बुडबुडा आला, बाकी ढिम्म. वरच्या थराच्या मातीवर ओतलं, ती सोड्यासारखी फसफसली.

"चुना नाही," तो म्हणाला. "जिप्सम आहे. तेच भाजलं की त्याचं प्लास्टर होतं."

"मग?"

"मग नाव बदलतं. वेगळ्या वर्गातली माती. आणि जिप्सम पाण्यात विरघळतं, आई. तिथे खड्डे करून पाणी साठवलं तर खालची जमीन पोकळ होईल. खचेल."

"तुझ्या अंगावर खचणार आहे का?"

मी त्याला स्पष्ट सांगितलं, आणि सांगितलं ते लपवत नाही. "चुना लिही आणि मोकळा हो. जमीन तुझ्या बापाची नाही. झुडपं उंटांची आहेत. पोरगी तिकडे विचारते, बाबांकडे कधी जायचं, तिला काय सांगू, जिप्सम निघालं म्हणून?"

"खाली सही माझी असते," तो म्हणाला. एवढंच. बापही असाच होता. त्याचंही काही भलं झालं नाही.

गुरुवारी संध्याकाळी साहेब रिपोर्ट घ्यायला घरी आले. मी बांगडे तळले होते, कारण भरल्या पोटी माणूस कमी ओरडतो. मुलाने सगळं सांगितलं, तवासुद्धा. साहेबांनी घास खाली ठेवला.

"अम्मा, मिट्टी भी कोई भूनने की चीज है?"

"आपने बोला सुखाओ. मैंने सुखाया."

"मैं कब बोला?"

"आपने इसको बोला, इसने मेरेको बोला. आपके ऑफिस में ऐसाच चलता है ना?"

ते हसले नाहीत, पण सिंकपाशी आले. वाकून बघितलं, नखाने खरवडलं, व्हिनेगर ओतायला लावलं आणि दोन मिनिटं बुडबुड्यांची वाट बघत उभे राहिले. बुडबुडे आले नाहीत.

"अम्मा, आप सॉइल साइंटिस्ट कब से बने?"

"चौथी के बाद."

मग ते खुर्चीत बसले आणि खरं ते बोलले. नकाशे वर गेले होते. जुन्या रिपोर्टवर त्यांचीच सही होती. एक शब्द बदलायचा म्हणजे पहिल्या पानापासून बदलायचं. "बेटा, तेरा इकामा भी टेबल पे है. सोच ले," ते मुलाला म्हणाले. धमकी नव्हती. नुसती माहिती होती, त्यामुळे जास्त वाईट वाटली.

"सर, बाटली घेऊन परत खड्ड्यावर जाऊ. फसफसलं तर चुना लिहितो," मुलगा त्यांना हिंदीत म्हणाला.

शनिवारी ते दोघं गेले. बाटली भरलेली होती. साहेब या वेळी गाडीतून उतरले, खड्ड्यातही उतरले, असं मुलाने सांगितलं. पांढऱ्या थरावर त्यांनी स्वतः थेंब टाकले. थेंब न फसफसता मातीत जिरले.

रिपोर्टमध्ये जिप्सम आलं. कारण असं लिहिलं की, प्रयोगशाळेतील निरीक्षणांवरून पूर्वीच्या वर्गीकरणात सुधारणा करण्यात येत आहे. प्रयोगशाळा म्हणजे माझा ओटा. खड्ड्यांचं काम "विचाराधीन" झालं. म्हणजे झुडपं आहेत तिथेच राहिली, आणि उंटांना या सगळ्यातलं काही कळलं नाही.

इकामा वाढला. तीन महिन्यांसाठी. तसाही वाढवता येतो म्हणे. साहेबांनी सोडलंही नाही आणि धरलंही नाही. तीन महिन्यांत सुनेचा आणि नातीचा व्हिसा होत नाही, म्हणून त्या अजून इथेच आहेत. नात रोज विचारते. मी तिला सांगते, तुझ्या बापाने मातीला खरं नाव दिलं, आता थांब. ती म्हणते, म्हणजे किती दिवस? हा प्रश्न मात्र बरोबर आहे.

मी निघताना मुलाने विचारलं, "तवा नेतेस का?" त्यावर भाकरी टाकली की अजून दाताखाली कचकच येते. मी म्हटलं, राहू दे इथेच. तीन महिन्यांनी इकाम्याचं बोलायला साहेब पुन्हा येतील, त्यांना भाकरी त्याच्यावरच कर.