वामनरावांचा टोप आणि अर्गानचं तेल

पहिल्या अंकाचा पडदा पडला आणि बन्सीलालशेठ तरातरा रंगपटात आले. मी वामनरावांचा टोप कपाळावर बोटांनी दाबून धरला होता.

"यशवंता, आज परत सुटला? पुढच्या रांगेतून सगळं दिसून राह्यलं."

"शेठजी, गम ताजा आहे. कालच केला."

"मंग सुटतो कसा?"

वामनराव आरशात बघत म्हणाले, "त्याला काय विचारता? हात बसला न्हाई अजून त्याचा."

ज्या माणसाला मी आठ वर्षं रंगवत होतो, तो हे बोलला.

मी मूळचा मंठ्याचा. निजामाच्या राजवटीत जालन्यात आमची नाटक कंपनी होती. बन्सीलालशेठ तिचे मालकही होते आणि मॅनेजरही. त्यांचे आजोबा राजस्थानातून येऊन इथे स्थायिक झाले होते. शेठ घरात मारवाडी बोलत आणि रंगपटात चिडले की आमच्यासारखं मराठी. माझं काम नटांचा रंग, केस आणि टोप. टोप म्हणजे विग. त्याला कपाळाच्या बाजूने बारीक जाळीची किनार असते. राळ स्पिरिटमध्ये विरघळवली की स्पिरिट गम होतो. तो कपाळाला लावायचा, जाळी त्यावर बसवायची आणि वरून रंग द्यायचा. नीट बसलं तर तिसऱ्या रांगेतल्या माणसालाही केस खरे वाटतात.

त्या काळी आमच्याकडे बायकांची कामं पुरुषच करत. वामनराव नायिका करायचे. त्यांचे स्वतःचे केस कंबरेच्या खाली होते. जालन्यातल्या बायका दुपारचा खेळ बघून गेल्या की घरी आरशापुढे बसून त्यांच्यासारखा अंबाडा घालून बघायच्या. असं मी सांगत नाही, माझी बायको सांगायची. पण रोज ताणून बांधलेले केस, डोक्यावर गॅसबत्त्यांची धग आणि कपाळापर्यंत थापलेला पांढरा रंग, म्हणजे सफेदा, यांनी पुढचे केस गेले. मग मधलेही विरळ झाले. कंगव्यात येणारे केस मी जपून ठेवत गेलो आणि त्यांचाच टोप विणला. म्हणजे वामनराव स्वतःचेच केस घालत होते, फक्त ते आता खुंटीला टांगावे लागत.

अशात राजूरचा शंकर कंपनीत आला. वय विशीच्या आसपास. नायिकेच्या सखीचं काम त्याला दिलं. आवाज बेताचा होता, पण केस असे दाट, की वेणी घालताना माझी मूठ पुरायची नाही. तो आला त्या दिवसापासून वामनरावांचं बिनसलं. आधी म्हणाले, सखीला गजरा कशाला? गजरा काढला. मग म्हणाले, सखीची वेणी नायिकेपेक्षा लांब शोभते का? मी ती दुमडून बांधली. तरी ते एकदा माझ्या कानाशी म्हणालेच, "यशवंता, बघवत न्हाई रे मला ते."

शंकरही काही साधा नव्हता. वामनरावांच्या गाण्याला वन्समोअर आला, की हा विंगेत उभा राहून ओठ चावायचा. "लोकांना सवय झाली म्हणून टाळ्या देतात," असं मला ऐकवायचा. मी दोघांच्या मध्ये कंगवा घेऊन उभा.

त्यात तेल आलं.

जालन्यातले एक हाजीसाहेब आमच्या नाटकाचे शौकीन होते. मोठे व्यापारी. हजहून आले आणि खेळानंतर भेटायला रंगपटात आले. सगळ्यांना खजूर वाटले. शंकरचे गाल सफेद्याने फुटले होते, ते त्यांनी पाहिलं आणि शेरवानीच्या खिशातून छोटी बाटली काढली. तेल पिवळंधमक, सोन्यासारखं. मक्केत एका मग़रिबी माणसाला त्यांनी अत्तर दिलं होतं, त्याने बदल्यात हे दिलं. त्याच्या मुलुखाला आता मोरोक्को म्हणतात.

"अरगान बोलते इसको," हाजीसाहेब म्हणाले. "उधर काटे का झाड होता. बकऱ्यां चढते उसपे, फल खाने. अंदर की गुठली का तेल है. औरतां मुँह को लगाते, बालां को लगाते."

बकऱ्या झाडावर चढतात म्हटल्यावर सगळे हसले. हाजीसाहेबांनी गळ्याची शपथ घेतली. बाटली त्यांनी शंकरच्या हातात दिली. वामनराव बाजूलाच उभे होते. त्यांच्या हातात खजूर होता.

तेल कसं वापरायचं ते मीच शंकरला ठरवून दिलं. खेळ संपला की खोबरेलाने रंग काढायचा, तोंड धुवायचं, मग दोन थेंब तळहातावर चोळून गालांना आणि केसांच्या टोकांना लावायचे. खेळाआधी बिलकुल नाही. तेलकट कातडीवर सफेदा फाटतो. महिनाभरात त्याचे गाल मऊ झाले. केसांची टोकं फुटायची थांबली आणि वेणीला चमक आली. तेल चांगलं होतं, यात शंका नाही. पण तेल म्हणजे तेल. असलेले केस ते सांभाळतं, गेलेले परत आणत नाही. हे मी तेव्हा मोठ्याने बोललो नाही, कारण मला कुणी विचारलं नव्हतं.

बाटली माझ्या रंगाच्या पेटीत असायची. एक दिवस शंकरने ती उजेडात धरली.

"यशवंतदादा, अर्ध्यावर आली. मी एवढं लावत न्हाई."

"मंग मी प्यालो का?"

"चावी कोणाजवळ असते?"

चावी माझ्याजवळच असायची. पण खेळ चालू असताना पेटी उघडीच राहते, सारखं काही ना काही लागतं. हे त्याला पटलं नाही. तो शेठजींकडे गेला. शेठजींनी मला बोलावलं तेव्हा त्यांच्या डोक्यात दोन गोष्टी होत्या: बाटली कमी होते आणि टोप सुटतो.

"रविवारी दुपारी खास बायकांचा खेळ आहे," ते म्हणाले. "आमच्या घरच्या, देशमुखांच्या, सगळ्या येणार. त्या केसांकडेच बघतात. त्या दिवशी टोप हलला तर तू तुझं बघ. आणि ते तेलाचंही बघ."

मी गम नव्याने केला. माझ्या दंडावर जाळीचा तुकडा चिकटवून दिवसभर हिंडलो. काढताना दंडाचे केस निघाले. म्हणजे गम बराबर होता. जाळी स्पिरिटने धुतली, वाळवली, किनार पुन्हा विणली. घाम येत असेल म्हणून वामनरावांच्या मागे पंखा धरायला माणूस ठेवायची व्यवस्था केली. माझ्या हातून करण्यासारखं आणखी काही उरलं नव्हतं.

रविवारी थिएटर भरलं. पत्र्याचं थिएटर, आत पोरांचं रडणं, बांगड्यांचे आवाज. वामनरावांनी पितांबर नेसला. मी गम लावला, जाळी बसवली आणि ती घट्ट धरावी म्हणून तळहात त्यांच्या कपाळावर दाबून वाकलो. माझं नाक त्यांच्या डोक्याला लागलं.

भाजलेल्या शेंगदाण्यासारखा वास आला. रंगपटात तसा वास एकाच बाटलीला होता.

मी हात काढला. जाळी लगेच सुटून वर आली. आरशात आमची नजरानजर झाली.

"किती दिवस लावून राह्यले?" मी विचारलं.

ते मान पुढे करून म्हणाले, "हे बघ. इथं. बारीक केस आलेत की न्हाई?"

मी दिवा जवळ आणला. कपाळावर लव होती. ती पहिल्यापासूनच होती.

"न्हाई आले, वामनराव."

"नीट बघ."

"नीट बघितलं."

त्यांनी दिव्याकडून तोंड फिरवलं. "त्याला कशाला दिली बाटली हाजीनं? त्याला काय गरज?"

पहिली घंटा झाली. मी कपाळ स्पिरिटने पुसलं. त्यांना झोंबलं, पण ते हलले नाहीत. रोज मुरवलेलं तेल एका पुसण्याने जात नाही, त्याला दोन-तीनदा शिकेकाईने न्हावं लागतं. तेवढा वेळ नव्हता. मी म्हणालो, "डोक्यावरून पदर घ्या, वरून मोत्यांची बिंदी बांधतो. किनार झाकली जाईल."

"आणि तो?"

"तो काय?"

"तो केस मोकळे सोडून येतो दुसऱ्या अंकात. त्यानं मोकळे सोडायचे आणि मी झाकायचे? बायकांसमोर? बिलकुल न्हाई."

मी हात जोडले आणि नवा गम लावून जाळी पुन्हा दाबली. ते उठले आणि गेले.

पहिला अंक कसाबसा पार पडला. दुसऱ्या अंकात सखी नायिकेची वेणी घालते असा प्रवेश होता. वामनराव चौरंगावर बसले, शंकर मागे कंगवा घेऊन. मी विंगेत उभा होतो. शंकर वाकला आणि त्याचा हात थांबला. त्याला वास आला, हे मला तिथूनच कळलं. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग कंगवा वरून खाली ओढला.

मुद्दाम ओढला की नेहमीसारखाच, ते मी आजही सांगू शकत नाही. टोप मागे सरकला आणि वामनरावांचं पुढचं डोकं उघडं पडलं.

समोरून एक बाई मोठ्याने म्हणाली, "अगं बाई, टोप आहे!"

मग हशा पिकला. शेठजींनी पडदा पाडला.

आत आल्यावर शंकर ओरडला, "हेच तेल चोरून राह्यले! वास घ्या यांचा!" शेठजी माझ्याकडे वळले. मी तोंड उघडायच्या आत वामनराव म्हणाले, "तेल मी लावलं. टोप यानं बराबर बसवला होता." एवढं बोलून ते माझ्या पेटीवर बसले. माझ्यावरचा आळ त्यांनीच उतरवला. आवाजात माफी वगैरे नव्हती.

बाहेर बायका पाय आपटत होत्या. शेठजींनी दोघांकडे पाहिलं आणि म्हणाले, "शंकर, पितांबर नेस. जल्दी. पुढचं काम तू कर."

शंकरला संवाद पाठ होते. मी त्याचे केस मोकळेच सोडले. तो आत गेला तेव्हा बायकांनी श्वास रोखलेला मी ऐकला. इतका देखणा तो दिसत होता. मग त्याने गाणं सुरू केलं. पट्टी वरची लागली, दुसऱ्या ओळीला आवाज चिरकला. बायका आपसांत बोलू लागल्या.

वामनराव पेटीवरून उठून विंगेत आले. मला वाटलं, त्याची फजिती बघायला आले. दोन ओळी ऐकून त्यांचा चेहरा कसनुसा झाला. "वाट लावली गाण्याची," ते म्हणाले. आणि विंगेतूनच त्यांनी तिसरी ओळ उचलली.

मदत म्हणून नव्हे. त्यांचं गाणं दुसऱ्याने गावं, हे त्यांना सोसवत नव्हतं. शंकर क्षणभर गडबडला, मग शहाण्यासारखा नुसते ओठ हलवू लागला. बाजाच्या पेटीवाल्याने धागा पकडला. वामनराव त्या दिवशी जसे गायले, तसे मी त्यांना पुन्हा ऐकलं नाही. डोकं उघडं, तोंडावर ओघळलेला रंग, एक हात विंगेच्या खांबाला. गाणं संपलं आणि वन्समोअर आला.

शंकर वाकून नमस्कार करत होता. विंगेत वामनरावही वाकले. वन्समोअर आपल्यालाच आहे, याबद्दल दोघांनाही शंका नव्हती.

शेठजी धंद्याचा माणूस. त्यांनी तीच व्यवस्था पुढे ठेवली. रूप शंकरचं, गळा वामनरावांचा. कंपनी बंद पडेपर्यंत खेळ तसेच चालले आणि चांगले चालले. दोघे एकमेकांशी कामाव्यतिरिक्त कधी बोलले नाहीत. शंकर म्हणायचा, लोक बघायला येतात. वामनराव म्हणायचे, लोक ऐकायला येतात. मी दोघांनाही हो म्हणायचो.

मी मात्र तेव्हापासून एक नियम केला. गम लावायच्या आधी प्रत्येकाचं कपाळ स्पिरिटने पुसायचं, मग नट कितीही मोठा असो. तेल लावलंय का, असं विचारत बसायचं नाही. विचारलं की माणूस न्हाईच म्हणतो.