खंडेनवमीची टेस्ट

कुरुंदवाडात आमचं खता-बियाण्यांचं दुकान. मी कॉम्प्युटरची पदवी घेतल्यावर अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला कोल्हापुरात नोकरी करायला सहा महिने दिले. दिले म्हणजे अगदी उधारीवर दिल्यासारखे. "सहा महिन्यांत कायम केलं तर कर नोकरी. न्हाईतर गप गल्ल्यावर बसायचं," असं त्यांनी अव्वासमोर, माझ्या आईसमोर, सांगितलं, म्हणजे साक्षीदारही झाला. मला गल्ल्यावर बसायचं नव्हतं. युरियाच्या वासानं माझं डोकं उठतं.

ऑफिस उद्यमनगरात होतं, एका लेथच्या वर्कशॉपच्या माडीवर. खाली लोखंड कापलं जायचं, वर आम्ही चौघं. आमचे सर पुण्याच्या एका कंपनीसाठी काम घ्यायचे. ती कंपनी फाइलसिस्टिम बनवायची. डिस्कवर कुठली फाइल कुठं ठेवली हे लक्षात ठेवणारा प्रोग्रॅम म्हणजे फाइलसिस्टिम. पुण्याचे लोक त्यात रोज काहीतरी दुरुस्त करायचे आणि दुरुस्त करता करता दुसरीकडं मोडायचे. काल चालत होतं ते आजही चालतंय का, हे बघायला तीनशेच्या वर टेस्टचा एक गठ्ठा होता. तो उभा करणं आणि चालवणं हे माझं काम. एक फेरी पुरी व्हायला दोन दिवस लागायचे. अप्पांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे रोज तेच तेच? आणि त्याचा पगार देत्यात?"

मांडणीतच मी पहिली माती खाल्ली. या टेस्टना डिस्कचे दोन भाग लागतात. एक नीट ठेवायचा, दुसरा रफ वहीसारखा, प्रत्येक टेस्टआधी पुसून कोरा करायचा. मी रफ म्हणून जो भाग लिहून दिला त्यात सरांच्या लग्नाचे फोटो होते. पहिली टेस्ट मोठ्या थाटात पास झाली आणि फोटो गेले. सर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. त्यांच्या बायको मात्र म्हणाल्या, बरं झालं, त्या फोटोत मी फार जाड दिसत होते.

तेव्हा सरांनी टेस्टसाठी डिस्कची एक वेगळी पेटी आणली. आता वीज गेल्यावर थोडा वेळ बॅटरीवर चालवणाऱ्या यूपीएसला दोनच सॉकेट होती. एकात कॉम्प्युटर, दुसऱ्यात मॉनिटर. पेटीची वायर मी भिंतीतल्या बोर्डात खोचली आणि विसरून गेले.

दसऱ्याच्या तोंडावर पुण्याहून निरोप आला. नवी आवृत्ती गिऱ्हाइकांकडं जाणार, सोमवारी रिपोर्ट पाहिजे. सर म्हणाले, "हा रिपोर्ट स्वच्छ गेला की पुढच्या वर्षाचं काम आपल्याला, आणि तुझं कायमचं पत्र तुला." माझे सहा महिने दिवाळीला भरत होते. मी फेरी सुरू केली आणि पंचांग काही बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. उद्यमनगरात त्या दिवशी यंत्र चालत नाही. पुसायचं, हळदीकुंकू लावायचं, झेंडूची माळ घालायची, नारळ फोडायचा. वर्कशॉपचे मालक, आम्ही त्यांना काका म्हणायचो, सगळ्या इमारतीची पूजा स्वतः करायचे. माडीसुद्धा त्यांचीच. ते ताट घेऊन जिन्यावर आले तेच मुळी खालचं मेन ओढून, सगळ्या इमारतीची वीज बंद करून.

"काका, थांबा! टेस्ट चालू हाय!" मी ओरडले.

"चालू मशीनची पूजा करत्यात व्हय?" काका म्हणाले. "हात जाईल की!"

लेथवर जन्म काढलेल्या माणसाला यावर काय सांगणार? त्यांनी मॉनिटरच्या कपाळावर कुंकू लावलं, कीबोर्डवर अक्षता टाकल्या आणि आरती सुरू केली. यूपीएस मधे मधे पीं पीं करत होता. सर टाळ्या वाजवत होते. आरती संपली, पण पीं पीं संपेना. "हे बी मशीनच की," म्हणत काकांनी यूपीएसचंही बटण दाबलं. मग आम्ही सगळ्यांनी पेढा खाल्ला.

वीज आल्यावर बघितलं, तर फाइलसिस्टिमनं "ठेवली, ठेवली" म्हणून सांगितलेल्या कितीतरी फाइली डिस्कवर नव्हत्याच.

मी पुण्याला फोन केला. तिथला डेव्हलपर म्हणाला, वीज गेली तरी काही होत नाही, ते आम्ही तपासलंय. मी कॉम्प्युटरची वायर दहा वेळा उपटून बघितली. खरंच काही झालं नाही. सरांनी दसऱ्याच्या दिवशी फेरी पुन्हा लावायला सांगितली, ती रविवारी सगळी पास झाली. "झालं की. हीच पाठव," सर म्हणाले.

मला झोप लागेना. रोज तेच तेच करणाऱ्या माणसाला एक खोड लागते, एखादी गोष्ट एकदा वेगळी झाली की ती डोळ्यांत खुपत राहते. शिवाय माझा स्वभाव तिरका. सोमवारी सकाळी पहिल्या एसटीनं गेले आणि काकांना म्हटलं, त्या दिवशी केलंत तसंच सगळं पुन्हा करा.

"पूजा वर्सातनं एकदाच असती, ताई." त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. "पर तुमची अडचण हाय तर करू की. नारळ तेवढा तुम्ही आणा."

मी म्हटलं नारळ नको, नुसतं मेन ओढा. ते ऐकेनात. अर्धवट पूजा ते करत नसत. मग नारळ आणला, माळ आणली, मी टेस्ट सुरू केली, त्यांनी मेन ओढलं, ताट घेऊन वर आले, पूर्ण आरती म्हटली, यूपीएस बंद केला. वीज आणली. फाइली गेल्या होत्या!

तेव्हा कुठं माझी ट्यूब पेटली. मेन ओढल्याबरोबर भिंतीतल्या बोर्डावरची पेटी मेली. कॉम्प्युटर यूपीएसवर जिवंत. फाइलसिस्टिम आरतीची चार मिनिटं मेलेल्या डिस्कवर लिहीत होती आणि प्रत्येक वेळी "ठेवली" म्हणून बिनदिक्कत खोटं सांगत होती. डिस्क आधी मरेल आणि कॉम्प्युटर मागं राहील, हे तीनशे टेस्टपैकी एकीच्याही डोक्यात आलं नव्हतं. वायर जागेवर खोचली असती तर माझ्याही आलं नसतं.

मी दोन्ही रिपोर्ट पाठवले, पासही आणि नापासही. ही चूक पुन्हा कशी घडवावी या रकान्यात लिहिलं: मेन बंद करा, एक पूर्ण आरती म्हणा, मग यूपीएस बंद करा. घाईत काय लिहितेय ते कळलं नाही.

सर लालबुंद झाले. "स्वच्छ रिपोर्ट हातात होता! आता ते काम काढून घेतील, आणि वर हसतील." मग हळू आवाजात म्हणाले, "तू घरी जा. बोलावलं तर ये."

मी घरी आले. अप्पांनी बाजारातून गादीची नवी खुर्ची आणली, गल्ल्याची एक किल्ली माझ्यासाठी वेगळी करून घेतली. पोरगी मार्गाला लागली म्हणून अव्वानं शेजारी सांगितलं. मी पोती मोजायची, पावत्या लिहायची आणि मनातल्या मनात सरांना, पुण्याला आणि खुर्चीला शिव्या घालायची. हरले होते, आणि बरोबर असून हरले होते. त्याची चव फार वाईट असते. संध्याकाळी अप्पा मला ते काम समजावून सांगायला लावायचे. मीही चिडून सांगायची. मेलेल्या डिस्कचं ऐकून ते एकदा एवढंच म्हणाले, "मग खोटंच की ते. सांगायलाच पायजे."

दिवाळीच्या चार दिवस आधी दुकानातला फोन वाजला. सर होते. पुण्याच्या लोकांनी मेन बंद केलं होतं, कुणालाच पूर्ण आरती येत नव्हती म्हणून घड्याळ लावून चार मिनिटं थांबले होते, आणि त्यांच्याही फाइली गेल्या होत्या. नवी आवृत्ती त्यांनी थांबवली होती. माझी टेस्ट गठ्ठ्यात घालायची होती, आणि ती मीच लिहावी असं त्यांचं म्हणणं होतं. "सोमवारी ये. पत्र तयार आहे," सर म्हणाले. मग जरा चाचरत म्हणाले, "वडिलांना फोन दे. दुकानात तुझी गरज असेल तर त्यांना विचारायला पाहिजे."

मी फोन अप्पांकडं दिला. ते "व्हय, व्हय" करत ऐकत राहिले. नव्या खुर्चीच्या गादीवरचं प्लास्टिक अजून निघालं नव्हतं, त्यावर त्यांचा एक हात होता.

"छे छे, साहेब," अप्पा म्हणाले, "ती हितं तात्पुरती बसलीया."

मला रडू आलं. समोर गिऱ्हाईक उभं, म्हणून काउंटरखाली वाकून सुतळी शोधायला लागले. सुतळी वरच होती.