चुन्याच्या तीन खुणा

"कुनी हात लावला?" हाच त्यांचा रामराम होता. संध्याकाळी गाडी लावून खाली उतरले, की आधी कडुनिंबाखालची जमीन निरखायचे आणि मग माझ्याकडे बघून हे विचारायचे. चहा नंतर. मी म्हणायचे, कुणी नाही हो काका, शेळ्या गेल्या असतील. त्यावर त्यांचा विश्वास बसलाय, असं मला एकदाही वाटलं नाही.

नगर जिल्ह्यातल्या कर्जतच्या अलीकडे फाट्यावर माझं चहा-भज्यांचं हॉटेल आहे. फाट्यावर हॉटेल चालवणाऱ्या बाईने संशयी असावंच लागतं. चार दिवस माझ्या गल्ल्यावर बसून बघा, म्हणजे तुम्हालाही पटेल. पण त्या माणसापुढे मी भोळी ठरायचे. जुन्या मिनीबसचं त्यांनी घर केलं होतं. आत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी असावी असा आमचा अंदाज, कारण खिडक्यांचे जाड पडदे कायम ओढलेले. आत बायको आहे, एवढंच त्यांनी सांगितलं होतं. तिला खाली उतरताना कुणी पाहिलं नव्हतं. सकाळी गाडी निघायची, दिवसभर कुठे कुठे फिरायची आणि दिवेलागणीच्या आत परत कडुनिंबाखाली. ना देवदर्शन, ना धंदा. असा माणूस दारात येऊन राहिला तर तुम्ही काय समजाल?

त्यातून ती तिपाई. तीन लोखंडी पाय जमिनीत रोवायचे, सपाटी बघायची, मोबाईलमधलं होकायंत्र समोर धरून एक डोळा मिटायचा आणि शेवटी पायांपाशी चुन्याच्या तीन खुणा करायच्या. आमच्या भागात तिपाई आणि चुना घेऊन आलेला माणूस एकाच कामाला येतो, मोजणीला. नव्या रस्त्याची कुजबुज तेव्हा जोरात होती. कुणाची जमीन जाणार आणि कुणाची वाचणार, हे रोज माझ्या बाकड्यांवर ठरायचं. तिपाईवर शेवटी टीव्हीची छत्री बसते, हे सगळ्यांना दिसत होतं. पण माझ्या रोजच्या गिऱ्हाइकांतल्या बापूंच्या शेताचा बांध त्या कडुनिंबाला लागूनच. ते म्हणाले, "छत्री नुसती दाखवायला हाय. टीव्ही बघायला कुनी चुना मारतं का?" मला ते अगदी पटलं.

टीव्ही मात्र ते खरंच लावायचे. पहिल्या संध्याकाळचा तमाशा मी भजी तळता तळता बघितला होता. बाहेरून ते छत्री केसभर फिरवायचे आणि विचारायचे, "आलं का?" आतून बाईमाणसाचा आवाज यायचा, "आलं." हे आत जाऊन बघायचे, तर चित्राचा पत्ता नाही. परत बाहेर, परत "आलं का?", परत "आलं." मी गमतीने म्हटलं, काकींना फार घाई दिसते. ते हसले नाहीत.

"ती मुद्दाम म्हनती," ते म्हणाले. "मी दमू नये म्हनून."

घ्या. बायकोवरसुद्धा संशय.

एका दुपारी गाडी बाहेर गेलेली असताना बापूंनी फावड्याने त्या खुणा उकरून टाकल्या आणि मोठा पराक्रम केल्यासारखे माझ्याकडे येऊन चहा प्यायले. आज मोजणीवाल्याचं तोंड बघायचंच म्हणून संध्याकाळी मुद्दाम परत येऊन बसले.

काका आले, त्यांनी जमीन बघितली, आणि नेहमीचं काही विचारलंच नाही. अंदाजाने तिपाई ठेवली आणि छत्री फिरवायला लागले. आलं का? आलं. आलं का? आलं. अंधारून यायला लागलं तसे त्यांचे हात घाईला आले. मग एकदा आतून उत्तर आलं नाही. दार उघडलं आणि एक बाई खाली उतरली. स्वच्छ इस्त्रीचं लुगडं, काखेत पिशवी. कुणाकडे न बघता ती सरळ रस्त्याकडे चालायला लागली. समोरून उसाचा ट्रॅक्टर येत होता. मी धावत जाऊन तिचा हात धरला.

"सोडा बाई," ती फार अदबीने म्हणाली. "अंधार पडायच्या आत घरी जायचंय. पोरं वाट बघत असतील."

काका मागून धापा टाकत आले आणि तिथेच, रस्त्याच्या कडेला, त्यांनी सगळं सांगितलं. नगरला एसटीच्या वर्कशॉपमध्ये त्यांची नोकरी झाली. पोरं केव्हाच लांब गेली. बायको राहत्या घरात बसून घर विसरली होती आणि दिवसभर एकच म्हणायची, घरी चला. गाडी चालू असली की तिला वाटायचं, आपण घरीच निघालोय. गाडी थांबली की पंचाईत. उभा संसार तिने संध्याकाळच्या बातम्या ऐकत भाजी निवडली होती. म्हणून त्या बातम्या तेवढ्या लागल्या, की ती मांडीवर मेथी घेऊन शांत बसायची. मग गाडी कुठेही उभी असो.

"म्हनून खुना करतो, ताई," ते म्हणाले. "छत्रीची दिशा हुडकत बसलो तर ही निघती."

बापू हातात ग्लास घेऊन ऐकत होते. ग्लास ठेवून ते तिपाईपाशी गेले आणि छत्री धरून म्हणाले, "कुनीकडं फिरवू, सांगा."

मी तिला घेऊन पहिल्यांदा आत गेले. आम्ही एवढे दिवस ज्या जागेबद्दल तर्क करत होतो, तिथे घासलेली चार भांडी, एक खुर्ची आणि मेथीची जुडी होती. बातम्यांचा आवाज आला तशी मी हाक दिली. ती खुर्चीत बसली, जुडी सोडली आणि मला म्हणाली, "उभी का? बस ना, चहा टाकते." मला रडू आलं. मी डोळे पदराने पुसले आणि बसले.

दुसऱ्या दिवशी चुना बापूंनी आणला. संध्याकाळी काकांनी नव्या खुणा बघितल्या आणि विचारलंच, "कुनी हात लावला?" बापू फुरंगटून म्हणाले, "मीच."

उन्हाळा लागला तशी गाडी गेली. पावसात खुणाही धुऊन गेल्या.

पुढच्या थंडीत गाडी परत आली. पडदे उघडे होते आणि खिडकीतून रिकामी खुर्ची दिसत होती. काका एकटेच उतरले. मी चहा पुढे ठेवला; त्यांनी जमीन निरखली नाही की नेहमीचं विचारलं नाही. चहा पिऊन झाल्यावर त्यांनी सवयीने तिपाई काढली, जुन्या जागी रोवली, छत्री बसवली आणि फिरवता फिरवता गाडीकडे मान वळवून विचारलं, "आलं का?"

आणि छत्रीच्या कडेवरचा हात तसाच राहिला.

मी झारा कढईत सोडला, गाडीत चढले आणि तिच्या खुर्चीवर बसले. टीव्ही त्यांनी लावलाच नव्हता.

"आलं," मी म्हटलं.

बाहेर त्यांनी छत्रीवरचा हात काढला. बघायला ते आत आले नाहीत.