मनसारामची मोटर बिनब्याच्या उतारावर

चांद्याला तेव्हा कोणी चंद्रपूर म्हणत नसे. मी तिथल्या मुलींच्या शाळेत शिकवायला लागले ते चोपन्न साली, आणि साठ साली लग्न होऊन नागभीडला जाईपर्यंत तिथेच होते. घर वरोऱ्याला, त्यामुळे आठवडाभर चांद्याला एका खोलीत राहायचं आणि शनिवारी सकाळची शाळा सुटली की गोलबाजाराच्या तोंडाशी मोटर धरून घरी जायचं, असा नेम होता. आगगाडी होती, पण तिची वेळ मला कधीच जुळली नाही. म्हणून त्या सहा वर्षांत मनसाराम बावणेच्या मोटरीत मी जितकी बसले, तितकी पुढे आयुष्यात कुठल्याच गाडीत बसले नाही.

मोटर बल्लारपूरहून निघायची, चांदा करून वरोऱ्याला जायची. मालक वरोऱ्याचे भैयाजी. मोटरीचं नाक लांब, खिडक्यांना काचांऐवजी ताडपत्रीचे पडदे, आणि चालू करायला पुढून हँडल मारावं लागे. ते काम नथ्थू कंडक्टरचं. नथ्थू पन्नाशीचा, दम्याचा माणूस. तीन वेळा हँडल फिरवून झालं की तो कमरेवर हात ठेवून उभा राही आणि मनसाराम उतरून चौथ्यांदा स्वतः फिरवी. चौथ्या वेळी ती हमखास लागे. यावरून नथ्थूला सगळे चिडवत, आणि तो म्हणे, "मी ढिली करून ठेवतो म्हणून त्याच्यानं लागते."

मनसाराम तिशीचा असेल. काळा, सडपातळ, हात मात्र शरीराच्या मानानं मोठे. वल्ही मारून झालेले ते हात, हे मला नंतर कळलं. ड्रायव्हरच्या मागचं पहिलं बाकडं बायांचं, तिथे माझी जागा ठरलेली. गावातून मोटर कशी जाते हे मी तिथूनच पाहिलं, आणि चांद्याचा नकाशा मला मनसारामच्या खांद्यावरून पाठ झाला.

चांद्याला भोवती परकोट आणि परकोटाला चार मोठे दरवाजे. बल्लारपूरची मोटर महाकालीचं देऊळ मागे टाकून अंचलेश्वर दरवाजातून आत शिरे, गावाच्या मधोमध मोठ्या रस्त्याला लागे आणि सरळ उत्तरेला जटपुरा दरवाजातून बाहेर पडे. दक्षिणेला पठाणपुरा, पश्चिमेला बिनबा. बिनब्याच्या बाहेर इरई नदी, अंचलेश्वराच्या बाजूला झरपट. दोन्ही नद्या गावाला कवेत घेऊन खाली एक होतात. दरवाजाच्या कमानीत मोटर शिरली की आतला आवाज एकदम मोठा व्हायचा, बोलणारी माणसं गप्प व्हायची आणि सावलीतून पुन्हा उन्हात आलो की बोलणं तिथूनच पुढे सुरू व्हायचं. कमानीच्या दोन्ही बाजूंना वीतभर जागा उरे. मनसाराम तिथे कधी वेग कमी करत नसे.

नवा उतारू गोंधळून विचारायचा, "राजुऱ्याले कोन्या दरवाजानं जाऊ, भाऊ?" मग मनसाराम स्टिअरिंगवरचा हात न हलवता सांगायचा, कोणत्या वळणावर उतरायचं, कोणाच्या दुकानावरून आत शिरायचं, पुढे टांगा मिळतो की पायी जावं लागतं. एकदा मी म्हटलं, "सगळे रस्ते बरे पाठ आहेत तुम्हाला."

"रस्ते काय बाई, पाण्यानं शिकवले," तो म्हणाला. "आमी ढिवर, नदीवर जगनारे. पुराचं पानी गावात कुठून येते, कुठी थांबते, कुठून निंगते, हे लहानपनापासून पाह्यलं. पानी जिकडं जाते तिकडं उतार. मोटरीलेही तेच लागते."

बिनब्याचं वळण आलं की मात्र तो तिकडे पाहत नसे. हे माझ्या लक्षात आलं होतं. शेवटी नथ्थूनंच एकदा सांगितलं. बिनब्याबाहेर नदीकाठी ढिवरांची दहा-बारा घरं होती. तिथे मनसारामचा बाप इतवारी आणि आई भागीरथा राहत. इतवारीची नाव बिनब्याहून पलीकडे दाताळ्याला माणसं नेई. एकुलता एक मुलगा वल्ही टाकून मोटरीवर गेला हे त्याला सहन झालं नाही. मनसाराम बायकोला, गोकुळाला, घेऊन जटपुऱ्याच्या बाजूला खोली करून राहिला. आई येऊन भेटून जाई. बाप तीन वर्षं बोलला नव्हता. पोरानं पहिल्यांदा मोटर चालवली तेव्हा तो इतकंच म्हणाला होता म्हणे, "नदी सोडून धुरात गेला."

नथ्थूनं हे सांगितलं त्याच वर्षी श्रावणात आठ दिवस पाऊस थांबला नव्हता. शनिवारी शाळा सुटली तेव्हा उघडीप होती, आकाश मात्र पितळी दिसत होतं. मोटर उशिरा आली. आम्ही पंचवीसएक जण बसलो आणि जटपुऱ्यापर्यंत आलो, तर दरवाजाबाहेर पोलीस उभा. वरोऱ्याच्या वाटेवरच्या इरईच्या पुलावर पाणी चढलं होतं. रस्ता बंद.

मनसारामनं मोटर बाजूला घेतली. उतारू खाली उतरून धर्मशाळेकडे निघाले. मी माझी पिशवी घेऊन उतरत होते, तेवढ्यात एक टांगेवाला घोड्याला जवळजवळ ओढतच आला. तो म्हणाला, "बिनब्यातून पानी आत घुसलं. बाहेरची घरं गेली. लोकं परकोटावर चढून बसली आहेत."

मनसारामनं विचारलं, "आत कुठवर आलं?"

"पिंपळाच्या चौथऱ्यापर्यंत."

मनसारामनं बिनब्याच्या दिशेला पाहिलं. मग नथ्थूला म्हणाला, "हँडल मार."

नथ्थू जागचा हलला नाही. "भैयाजीनं सांगून ठेवलं आहे, रस्ता बंद असला तर गाडी जटपुऱ्यालेच उभी ठेवायची."

"पिंपळाच्या चौथऱ्याले लागलं म्हंजे दोन घंट्यात ते परकोटाच्या आत पुरुषभर होते. दोन्हीकून पानी. वर बसलेले लोकं मंग उतरतीन कुठी?" मनसाराम म्हणाला. आवाज चढला नव्हता. "तू मारतं का मी मारू?"

नथ्थूनं हँडल मारलं, आणि ती पहिल्याच फेरीत लागली.

मी अजून पायरीवरच होते. मनसाराम वळून म्हणाला, "उतरा बाई."

मी विचारलं, "लोकांना आणून ठेवणार कुठे?"

त्यानं याचा विचार केला नव्हता. धर्मशाळा उतारूंनी भरली होती. आमची शाळा गावाच्या उंचवट्यावर होती आणि किल्ली मोठ्या बाईंच्या घरी, दोन गल्ल्या सोडून. मी म्हटलं, "शाळा मी उघडते. तिथे आणा." परवानगी मागायला वेळ नव्हता आणि खरं सांगायचं तर मागायचं सुचलंही नाही. मोठ्या बाईंनी किल्ली दिली आणि स्वतः पदर खोचून माझ्यासोबत बाकं सरकवायला आल्या, हा त्यांचा मोठेपणा.

पहिली खेप आली तीत तीस-पस्तीस माणसं होती, बहुतेक बाया आणि पोरं, सगळी चिंब आणि गप्प. दुसऱ्या खेपेला मी मोटरीत बसून बिनब्याकडे गेले, कारण एक बाई आपली म्हातारी सासू तिथेच राहिली म्हणून सारखी रडत होती आणि मी तिला शब्द दिला होता.

मोठ्या रस्त्यावरून बिनब्याकडे वळलं की उतार लागतो. त्या उतारावर मोटरीला तोंड फिरवायला जागा नव्हती, म्हणून मनसाराम वरूनच मोटर उलटी नेत होता. मागची वाट त्याला दिसत नव्हती. खाली तपकिरी पाणी हेलकावे खात होतं, त्यात कोणाची टोपली, कोणाचं दार. आणि बिनब्याच्या कमानीतून, जिथून एरवी बैलगाड्या येत, तिथून एक नाव आत येत होती. नावेत मागे उभा असलेला उघडा म्हातारा बांबूनं तळ टोचत होता. तो इतवारी.

पहिल्या खेपेला ते एकमेकांशी बोलले नव्हते, असं नथ्थूनं नंतर सांगितलं. नाव येऊन लागली, माणसं मोटरीत चढली, इतवारी नाव फिरवून निघून गेला. या वेळी मात्र पाणी चढलं होतं आणि उताराची कड दिसत नव्हती. बाजूला जुनी विहीर होती. मनसारामनं ब्रेक दाबून मोटर उभी केली. नाव पाच-सहा हातांवर होती आणि मधलं पाणी म्हाताऱ्या माणसांना ओलांडता येण्यासारखं नव्हतं.

इतवारीनं बांबू पाण्यात घातला, इकडेतिकडे तळ टोचून पाहिला आणि ओरडला, "येऊ दे."

मनसारामनं खिडकीतून मान बाहेर काढली. तो बापाकडे पाहत होता.

"इकडं काय पाहून राह्यला? येऊ दे मागं. विहीर तुह्या डाव्या अंगाले आहे, दूर आहे."

मोटर हळूहळू मागे सरकू लागली. म्हातारा बांबूनं तळ चाचपत सांगत होता आणि पोरगा ऐकत होता. "येऊ दे. जरा उजव्या अंगानं. येऊ दे, येऊ दे. बस." मागची चाकं अर्धी बुडाली तेव्हा नावेचं टोक मोटरीच्या मागच्या दाराला टेकलं. मग म्हाताऱ्या बायांनाही सरळ नावेतून मोटरीत पाऊल टाकता आलं. मी त्या सासूला हाताला धरून आत घेतलं. तिच्या दुसऱ्या हातात देवाचा टाक होता, तो तिनं मुठीतून सोडला नाही.

अशा सहा खेपा झाल्या. प्रत्येक खेपेला बाप सांगे, मुलगा मागे घेई. शेवटच्या खेपेला मी शाळेत होते, पण ते मी इतक्या जणांकडून ऐकलं आहे की पाहिल्यासारखंच वाटतं. परकोटावर चार माणसं उरली होती, त्यांत भागीरथा. ती दोन वेळा मागे राहिली होती, कारण तिला शेळी सोडायची नव्हती. नाव मोटरीला लागली तेव्हा ती शेळीला छातीशी धरून उभी राहिली आणि पोराला म्हणाली, "मोटरीत शेळी घेतं का रे?"

"घेतो ना माय," मनसाराम म्हणाला.

सगळे चढले. मग मनसाराम बापाला म्हणाला, "तूही चढ."

"नाव?"

"बांध दोरानं मागं."

इतवारीनं नाव मोटरीच्या मागे बांधली आणि आयुष्यात पहिल्यांदा मोटरीत पाय ठेवला. पण पाणी एव्हाना इंजिनापर्यंत चढलं होतं. मोटर दहा हात पुढे गेली, गुरगुरली आणि बंद पडली. हँडल मारून काही होईना. मग नावेचा दोर सोडून पुढे बांधला, वरून माणसं धावली, आणि साठ-सत्तर जणांनी ती मोटर उतारावरून मोठ्या रस्त्यापर्यंत ओढून आणली. नाव एका खांबाला बांधून ठेवली, ती तशीच तरंगत राहिली.

दोन दिवसांनी पूल मोकळा झाला आणि भैयाजी आले. मोटर उघडून पाहिली, इंजिनात गाळ. ते तसेच शाळेत आले आणि आवारातच मनसारामला म्हणाले, "कोणाले विचारून पाण्यात घातली?"

"विचारायले तुमी इथी नोहते, भैयाजी."

भैयाजींनी त्याला कामावरून काढलं. मला राग आला होता, पण त्यांचीही ती एकच मोटर होती, हे तेव्हा माझ्या मनात आलं नाही.

मोटर मिस्त्रीकडे तीन आठवडे पडून होती. ते तीन आठवडे मनसाराम बापासोबत नाव चालवत होता. मी एका रविवारी मुद्दाम बिनब्याला गेले. बांबूच्या नव्या झोपड्या उभ्या राहत होत्या. बाप पुढे, मुलगा मागे. बोलणं फारसं नव्हतं. पण गोकुळा काठावर चूल मांडून बसली होती आणि इतवारी आल्या-आल्या तिला विचारत होता, "भात झाला का वो?" माझ्याकडे बोट करून म्हणाला, "मास्तरीनबाईलेही वाढ."

चौथ्या आठवड्यात भैयाजी स्वतः बिनब्याला आले. इतवारीच्या नावेत बसून दाताळ्यापर्यंत गेले, परत आले. सगळा वेळ नदीविषयी बोलले, मासळीविषयी बोलले. उतरताना मनसारामला म्हणाले, "दुसरा ड्रायव्हर ठेवून पाह्यला. अंचलेश्वराच्या कमानीले दोनदा घासली त्यानं. सोमवारपासून ये."

मनसारामनं बापाकडे पाहिलं. इतवारी नावेतलं पाणी उपसत होता. तो म्हणाला, "जा ना मंग. माह्याकडं काय पाहतं?"

पुढे दोनेक वर्षांत सरकारी मोटरी आल्या आणि भैयाजींची मोटर बंद व्हायची वेळ आली. सरकारी नोकरीला लिहिता-वाचता येणं लागत होतं. एका सोमवारी पहाटे वरोऱ्याला, चांद्याला परतायला मी मोटरीत बसले असताना, मनसाराम माझ्या बाकड्याशी येऊन उभा राहिला. "बाई, मले अक्षरं शिकवता का?" दर सोमवारी मोटर सुटायच्या आधी अर्धा तास, असं आम्ही पाच महिने केलं. तो पाटी मांडीवर घेई आणि ते मोठे हात पेन्सिल इतकी दाबून धरत की ती तुटायची. 'भांदक' हा शब्द त्याला आधी आला, कारण वाटेवरच्या त्या गावाच्या नावाचा फलक लांबूनच दिसे. सरकारी नोकरीची परीक्षा झाली त्या दिवशी तो शाळेत आला, दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "पास झालो बाई." मुलींनी टाळ्या वाजवल्या, तसा तो लाजून निघून गेला.

त्यानंतर पंचवीस-सव्वीस वर्षांनी मी एका लग्नासाठी चंद्रपूरला गेले होते. पत्ता विचारत त्याच्या घरी गेले. मनसाराम निवृत्त झाला होता, केस पांढरे, चष्मा. इतवारी आणि भागीरथा जाऊन बरीच वर्षं झाली होती. गोकुळानं चहा केला. तो सांगत होता, आता मोठ्या गाड्या गावात येतच नाहीत, बाहेरच्या बाहेर जातात, दरवाजे कसे पार करायचे हे नव्या पोरांना माहीत नाही. तक्रार नव्हती त्यात. माझ्या मुलांची नावं त्यानं दोनदा विचारून घेतली.

निघताना तो स्टँडपर्यंत पोचवायला आला. नागभीडची गाडी भरली होती. तो आत चढला, कंडक्टरशी काहीतरी बोलला, आणि पुढच्या बाकावरच्या एका तरुण माणसाला उठवून मला खिडकीशी बसवलं. मग खाली उतरून गाडी सुटेपर्यंत उन्हात उभा राहिला.